वंशावळीत नसलेले नाव

प्रकरण नववे

वाचकवर्गास प्रथम सविनय जयभीम आणि नमस्कार. या प्रकरणात जे कथन होणार आहे, ते मी उभे राहून सांगावे आणि आपण स्वस्थ बसून ऐकावे, अशा योग्यतेचे आहे. यात लढाई नाही, भाऊबंदकीतील रक्तपात नाही, पळून जाऊन केलेला विवाहही नाही. यात केवळ एक कागद आहे आणि त्या कागदाची वाट पाहणारे एक घर आहे. पेडगावच्या वाव्हळे कुटुंबातील कन्या कुमारी प्रियांका हिचा पशुवैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश राहिला की गेला, तिची शिष्यवृत्ती मंजूर झाली की नामंजूर, आणि त्या निमित्ताने पाऊणशे वर्षे झाकलेली एक गोष्ट कशी उजेडात आली, हे मी यथाशक्ती निवेदन करणार आहे. ज्यांनी मागील प्रकरणे वाचली नसतील त्यांनीही निर्धास्तपणे येथे बसावे.

घटना अलीकडच्याच सप्टेंबर महिन्यातील. पेडगावच्या बसथांब्यासमोर वाव्हळे कुटुंबाचा फ्लेक्स तीन आठवड्यांपासून उन्हात उभा होता. त्याच्या मध्यभागी प्रियांकाचे छायाचित्र असून तिचा चुलतभाऊ पप्पू याने संगणकावर तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकविला होता. ‘भावी’ हा शब्द बारीक आणि ‘डॉक्टर’ हा शब्द ठसठशीत होता. खाली शुभेच्छुक म्हणून अकरा पुरुषांची मुखकमले होती, आणि त्यांत थोरले चुलते दत्तराव यांचे मुखकमल खुद्द प्रियांकाच्या मुखकमलाहून वीतभर मोठे होते. जनावरांच्या डॉक्टरकीच्या निवड यादीत गावातील पहिली मुलगी लागली, याचा अभिमान कोणास होणार नाही? परंतु त्या यादीच्या तळाशी एक ओळ होती आणि ती फ्लेक्सवर छापण्याचे कोणासही सुचले नव्हते. प्रवेश तात्पुरता असून जात पडताळणीचे प्रमाणपत्र महिनाअखेर सादर न केल्यास तो रद्द समजण्यात येईल, अशी ती ओळ होती. शिष्यवृत्तीचेही तसेच. आणि शिष्यवृत्तीवाचून दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या सिद्धोधनाला आपल्या लेकीस साडेपाच वर्षे शिकविणे अशक्य होते.

रविवारी सत्काराचा बेत ठरला होता. तो रद्द करावा लागला, कारण शनिवारी समितीचे पत्र आले. सर्वांना निरोप गेले. फक्त पालमला राहणाऱ्या सरजाबाईंना निरोप देण्याचे राहून गेले. सरजाबाई म्हणजे प्रियांकाचे आजोबा आश्रुबा यांच्या थोरल्या भगिनी. वय चौऱ्याऐंशी. त्या सकाळच्या एस.टी.ने पेढ्यांचा पुडा घेऊन उतरल्या, फ्लेक्सकडे पाहून हसल्या आणि घरात येऊन पाहतात तो सर्वांची तोंडे उतरलेली. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा खुंटीला अडकविला, दाराशी बैठक मारली आणि शेंगांचे सूप पुढे ओढून मुकाट्याने शेंगा फोडू लागल्या.

पप्पूचे परभणीला ऑनलाइन सेवेचे दुकान होते. अर्ज त्यानेच भरला होता; म्हणून पत्र वाचण्याचा मानही त्यालाच मिळाला.

“‘अर्जदाराच्या वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तीचा, दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नास पूर्वीचा जातीचा पुरावा मंगळवारच्या सुनावणीत सादर करावा,’” त्याने तिसऱ्यांदा वाचले.

“आरं पर बाबाचा शाळंचा उतारा जोडलाय की!” त्याचे वडील दत्तराव म्हणाले.

“आज्जाचं नाव शाळंत घातलंय जुलै बावनला. दोन वर्सं उशीर झाला.”

“मंग दोन वर्सात काय जात बदलती का मान्साची?” स्वयंपाकघराच्या दारातून प्रियांकाची आई बबिता हिने विचारले.

“काकू, मला काय इचारता? मी काय समिती हाय का?”

“तू समिती न्हाईस. पर फारम तूच भरलास, अन् पोरीच्या गळ्यात नळी बी तूच घातलीस. आता त्या नळीकडं बघून बस थांब्यावरची मान्सं मला रोज इचारायलीत, ‘बबिता, कवा जायलीय पोरगी?’ काय सांगू मी?”

पप्पूने मान खाली घातली आणि भ्रमणध्वनीवर बोट फिरविले. “अर्जाची स्थिती: प्रक्रियेत,” तो पुटपुटला. त्या घरातील माणसांनी हे तीन शब्द गेल्या महिन्याभरात इतक्या वेळा ऐकले होते की शेजारचे लहान मूलही ते म्हणू लागले होते.

आश्रुबा लोखंडी खुर्चीवर ताठ बसलेले होते. वय ऐंशी, गावचे माजी कोतवाल. दर वर्षी चौदा एप्रिलला विहारासमोर ते उभे राहत आणि सांगत की, वाव्हळ्यांच्या घरातून शाळेचा उंबरा पहिल्यांदा मी ओलांडला. त्या वाक्याला टाळी ठरलेली असे. आज त्याच उंबऱ्याची तारीख दोन वर्षांनी कमी पडली होती. त्यांच्या मनात आणखीही एक सल होता. छप्पन साली, अकरा वर्षांचे असताना, वडिलांचा हात धरून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि जुन्या जातीचे नाव कायमचे मागे टाकले. तेच नाव आज जुन्या दप्तरांत हुडकत फिरण्याची पाळी आली होती. परंतु नातीसाठी त्यांनी ते दुःखही गिळले होते.

दत्तरावांच्या मनाची अवस्था निराळी होती. तीस वर्षे एस.टी.त वाहक म्हणून काम केल्यामुळे कागदावर त्यांची फार श्रद्धा. वंशावळीचे शपथपत्र त्यांनीच तयार केले होते, तेही पट्टीने रेषा मारून. सर्वांत वर लिंबाजी. त्याखाली आश्रुबा. त्याखाली दत्तराव व सिद्धोधन. त्याखाली पप्पू व प्रियांका. झाड असे सरळ उतरले होते की तहसीलमधील लिपिकानेही वाखाणले. त्यामुळे आता जो दोष निघाला तो आपल्या झाडातच निघाला, असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी घसा साफ केला.

“एक मार्ग हाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “परभणीला एक मानूस हाय. जुन्या रजिस्टरात एक ओळ घालून देतो. शाई बी जुन्यासारखी. बाबाचं नाव, साल एकोणपन्नास.”

“एकोणपन्नासला मी चार वर्साचा होतो,” आश्रुबा म्हणाले. “पाळण्यासगट शाळंत नेलं व्हतं का मला?”

“बाबा, वय कोन बघायलंय?”

“समिती बघायलीय. तिला तेवढंच काम हाय.”

“मंग तुमीच सांगा काय करायचं! बसा हात जोडून, तिसऱ्या दिवशी तारीख हाय!”

वाचकहो, सिद्धोधन स्वभावाने सरळ मनुष्य. दुधात पाणी घालणाऱ्यास तो तोंडावर सांगत असे. परंतु मुलीने दोन वर्षे पहाटे चारला उठून केलेला अभ्यास त्याने डोळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या म्हशीचे अडलेले रेडकू तिने डॉक्टर येईपर्यंत कसे धरून ठेवले, हेही त्याने पाहिले होते. त्याचे मन डळमळले.

“दादा, त्या मान्साचा नंबर हाय का तुमच्याकडं?” त्याने विचारले.

हे ऐकून बबिताच्या हातातील पळी थांबली. लग्न होऊन वालूरहून या घरात आल्यापासून ती नवऱ्याला मोठ्या माणसांदेखत कधी टाकून बोलली नव्हती.

“नंबर घ्या,” ती म्हणाली. “घ्या अन् माझ्या पोरीला बी सांगा, बाई तू दोन वर्सं उगंच जागलीस, तुझ्या बापाकडं शाई हाय.”

“तू गप बस. तुला काय कळतंय?”

“तिला कळतंय, पप्पा.” प्रियांका उठून उभी राहिली. “मोठे पप्पा, तसं मिळत असंल तर मला नको. मी पुन्ना नीटची परीक्षा देईन.”

“पुन्ना नीट!” दत्तराव उसळले. “पुन्ना दिली तरी हाच कागद लागंल, बाई! कागद काय मार्कावर मिळतो का?”

त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते खरे आहे हे सर्वांना कळले, म्हणून भांडण तेथेच तुटले. आतापर्यंत एकमेकांशी भांडणारी माणसे एकाच भिंतीपुढे उभी होती. आता फक्त शेंगा फुटण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“पप्पू,” दाराशी बसलेल्या सरजाबाई म्हणाल्या, “त्येच्यात बायाचं चालतं का रे?”

“काय, आत्याआज्जी?”

“त्या पत्रात. बायाचं नाव चालतं का, का गड्याचंच पायजे?”

पप्पूने पत्र पुन्हा वर धरले. “‘वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्ती’ एवढंच लिवलंय. बाई-गडी काय न्हाई.”

“मंग मी गेल्ते की शाळंत.”

दत्तराव हसले. त्या हसण्यात द्वेष नव्हता. थकलेल्या माणसास जसे हसू येते तसे ते होते. “आत्या, बँकेत अंगठा देती तू. बस, शेंगा फोड.”

सरजाबाईंनी सूप बाजूला सारले. त्या दुखावल्या नाहीत. अंगठ्याची त्यांना लाज नव्हती. ज्या सासरी त्यांना दिले तेथे लेखणी कधी हाती आलीच नाही आणि साठ वर्षांत हात सर्व विसरला. परंतु कान विसरले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लहान मुलीसारख्या सुरात सुरू केले, “अलिफ, बे, पे, ते, टे, से, जीम...” तेथे त्या अडखळल्या. “फुडलं गेलं. तवा शाळा उर्दूतच व्हती. मुन्शी मास्तर हजेरी घ्यायचे. आमचं नाव शेवटाला. आमी व्हरांड्यात, पायरीपाशी. त्यांनी नाव घेतलं की आतल्या पोरांपेक्षा मोठ्यानं वरडायचं, ‘हाजिर जनाब!’ न्हाई तर ऐकू जायचं न्हाई.”

पप्पूचे बोट भ्रमणध्वनीवर तसेच राहिले. बबिता दारातून पुढे आली.

“रझाकार नुकतेच गेल्ते,” सरजाबाई सांगू लागल्या. “मुन्शी मास्तर घरोघर पोरं मोजायला आले. पोरं वाढली तर दुसरा मास्तर मिळनार व्हता म्हनं. आमच्या बापाला म्हनले, लिंबाजी, एक पोरगं दे. आश्रू तवा लय बारका, चार वर्साचा. मंग बाप म्हनला, हिलाच लिहा. तीन वर्सं गेले मी.”

“अन् मंग?” प्रियांकाने विचारले. ती केव्हाच त्यांच्याजवळ येऊन बसली होती.

“मंग काय? मंग सुटली.”

त्या एवढेच बोलल्या. पुढचे वाक्य त्यांनी पंचाहत्तर वर्षे गिळलेले होते आणि आजही त्या गिळणारच होत्या. सर्वांच्या नजरा लोखंडी खुर्चीकडे वळल्या.

“बाबा, आत्या खरं बोलायलीय का?” सिद्धोधनाने विचारले.

आश्रुबांनी बहिणीकडे पाहिले. “अक्का खरं बोलायलीय,” ते म्हणाले.

“मंग वंशावळ केली तवा का न्हाई सांगितलं?” दत्तराव ओरडले. “मी इचारलं न्हवतं का, आज्ज्याला लेकरं किती?”

“तू लेकरं इचारलं. मी एक सांगितलं.”

माझ्या अल्पमतीप्रमाणे ही चूक एकट्या दत्तरावांची नव्हती. आपल्याकडे वंशावळ म्हणजे पुरुषांची उतरंड. दिलेल्या लेकी त्या झाडाला लागतच नाहीत. त्या अकरा मुखकमलांमध्येही घरातील एकही स्त्री नव्हती, हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

सोमवारी सकाळी दहा वाजता आश्रुबा, सरजाबाई, प्रियांका आणि दत्तराव-सिद्धोधन हे दोघे भाऊ गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका राजेश्री मॅडम यांनी आपुलकीने कपाट उघडले. मराठी रजिस्टरे सन एक्कावन्नपासूनची होती. ती पप्पूने पूर्वीच पाहिली होती. त्याआधीचे काही आहे काय, असे तेव्हा कोणी विचारलेच नव्हते.

“एक आहे बघा,” मॅडम म्हणाल्या. “पण ते उर्दूत आहे. मी आल्यापासून कोणी उघडलेलं नाही.”

लेझीमच्या पेटीखालून ते बाहेर निघाले. पुठ्ठा वाळवीने अर्धा खाल्लेला, पण आतील पाने शाबूत. दत्तरावांनी परभणीहून निवृत्त उर्दू शिक्षक मोईन सर यांना सोबत आणले होते. वाहक असताना रोजच्या गाडीतील ही ओळख आज कामी आली. मोईन सरांनी चष्मा पुसला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत ते एकेक ओळ उतरू लागले आणि सव्वीस नावे ओलांडून थांबले.

“ये देखिए. नंबर सत्तावीस. सरजा बिन्ते लिंबाजी. म्हणजे लिंबाजीची लेक सरजा. उम्र आठ साल. साकिन पेडगाव. जात...” त्यांनी क्षणभर आश्रुबांकडे पाहिले आणि नंतर हळू आवाजात ती वाचली. “दाखल तेराशे अठ्ठावन्न फसली.”

“इंग्रजी साल कोन्तं व्हतं, सर?” सिद्धोधनाने विचारले.

“एकोणपन्नास. तुमच्या तारखेच्या वर्षभर आधीचं, बेटा.”

प्रियांकाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. जे नाव मागे टाकल्याचा आश्रुबांना अभिमान होता ते नाव त्या पिवळ्या पानावर होते, परंतु आज त्यांना त्याचा राग आला नाही. त्या नावामागून आठ वर्षांची एक मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर बसून सर्वांहून मोठ्याने ओरडत होती.

“शेवटच्या रकान्यात मराठी आहे,” मोईन सर म्हणाले. “नंतरच्या मास्तरांनी लिहिलेलं दिसतंय, शाई निराळी आहे. हे तुम्ही वाचा.”

रजिस्टर आश्रुबांपुढे आले. त्यांनी चष्मा लावला. शाळा सोडण्याचे कारण, असा तो रकाना होता. कोतवालकीत त्यांनी हजार दवंड्या मोठ्या आवाजात दिल्या. पण ही एक ओळ त्यांनी बोट ठेवून हळू वाचली, “‘भाऊ शाळेत येणार, सबब गुरे राखणेस लागली. जून बावन.’”

पुढच्याच महिन्यात, जुलै बावनला, त्यांचे स्वतःचे नाव दाखल झाले होते. एका घरातून एकच मूल शाळेला सुटू शकत होते. गुरांमागे कोणीतरी असणे भाग होते.

“मला ठावं व्हतं, अक्का,” आश्रुबा म्हणाले. “तू गुरं घेऊन शाळंपुढनं जायचीस. मी आतून बघायचो. मान खाली घालायचो.”

“मला बी दिसायचं तू मान खाली घातलेली. मी म्हनायचे, लेकरू लिहायलंय.”

“मंग मी दर साली विहारापुढं पहिला मी पहिला मी म्हनत बोंबलत व्हतो, तवा मला हटकलं का न्हाईस?”

“कशाला हटकू? मान्सं टाळ्या वाजवायची. माझ्या भावाला वाजवायची. मला लय गोड वाटायचं.”

राजेश्री मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दत्तरावांनी खिशातून रुमाल काढला, आणि त्या तीस वर्षांच्या कडक वाहकाने भर शाळेत डोळे पुसले.

त्या दुपारी घरी नवी वंशावळ तयार झाली. पट्टी दत्तरावांचीच होती. लिंबाजीखाली त्यांनी दोन फांद्या काढल्या आणि पेन थांबविले.

“आत्याचं नाव कुठं लिहू, बाबा? बाजूला?”

“आधी लिही,” आश्रुबा म्हणाले. “माझ्या आधी.”

मंगळवारी समितीपुढे मूळ रजिस्टर, त्याचे प्रमाणित भाषांतर आणि स्वतः सरजाबाई हजर झाल्या. अधिकाऱ्यांनी नम्रपणे दोन प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर सरजाबाईंनी दिले आणि दुसऱ्याचे उत्तर रजिस्टराने दिले. निर्णय कळविण्यात येईल, असे सांगण्यात आले.

आणि पुन्हा वाट पाहणे सुरू झाले. वाचकहो, ज्याने प्रवेशाची वाट पाहिली आहे त्यालाच तिचे दुखणे समजेल. घरात रेंज फक्त न्हाणीच्या खिडकीत येई. तेथे भ्रमणध्वनी एका पेल्यात उभा करून ठेवलेला असे आणि न्हाणीत जाणाऱ्यावर तो सांभाळण्याची जबाबदारी असे. तो वाजला की चारही दिशांनी माणसे धावत. कधी रिचार्जची जाहिरात निघे, कधी हवामानाचा अंदाज. सिद्धोधनाने गावच्या पाटलांच्या म्हशीच्या दुधाला गायीचा फॅट लावला आणि त्यांच्याशी भांडण ओढवून घेतले. बबिताने एका वरणात दोनदा मीठ घातले. प्रियांका शेजारच्या गोठ्यात जाऊन बसे. सरजाबाई तेथेच तिच्याजवळ बसत आणि कोणत्या गुराच्या कोणत्या दुखण्याला पूर्वी काय करीत, हे सांगत. आजी जनावरे शाळेबाहेर शिकली, नात ती शाळेत शिकणार होती, पण कधी, हे कोणी सांगत नव्हते.

नवव्या दिवशी पडताळणीचे प्रमाणपत्र आले. पप्पूने ते महाविद्यालयाच्या आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळांवर तत्काळ चढविले. घरात जल्लोष झाला. परंतु महाविद्यालयाच्या पानावर ‘तात्पुरता’ हा शब्द तसाच राहिला आणि शिष्यवृत्तीच्या पानावर ‘प्रक्रियेत’. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. महिना संपण्यास दोन दिवस उरले.

“मी जाते आता,” सरजाबाई म्हणाल्या. “पालमला सून वाट बघायलीय. जे व्हायचं ते फोनवर कळवा.”

सर्व मंडळी त्यांना थांब्यावर पोहोचविण्यास गेली. फ्लेक्सचा एक कोपरा फाटून दत्तरावांच्या मुखकमलावर लोंबत होता आणि या वेळी तो नीट करण्याची घाई दत्तरावांनी केली नाही. गंगाखेडमार्गे पालमला जाणारी गाडी आली. सरजाबाईंनी प्रियांकाच्या गालावरून हात फिरविला. “म्हशीजवळ जाशील तवा आधी तिला नाव घेऊन हाक मार, मंग हात लाव,” असे सांगून त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या.

तोच रस्त्याच्या टोकाकडून पप्पूची मोटारसायकल हॉर्न दाबून धरून आली.

“झालं! झालं! काकू, कायम झाला प्रवेश! अन् शिष्यवृत्ती बी मंजूर! दोन्ही संगंच!”

प्रियांकाने त्याच्या हातातून भ्रमणध्वनी घेतला. ‘प्रवेश निश्चित.’ त्याखाली, ‘अर्ज मंजूर.’ तिने ते दोनदा वाचले. मग बबिताने लेकीला छातीशी धरले आणि सिद्धोधन उगाच फ्लेक्सचा खांब हलवून पाहू लागला, कारण त्याला रडताना कोणी पाहू नये असे वाटत होते.

वाहकाने घंटी मारली. दत्तरावांनी धावत जाऊन दारावर हात आपटला. “थांब रे! मी बी तीस वर्सं घंटी मारलीय, एक मिनिट थांब!”

“काय झालं, मामा?”

“थांब म्हनलं ना. बाबाला बोलायचंय.”

आश्रुबा काठी टेकीत गाडीच्या दाराशी आले. आत तीस-चाळीस उतारू होते. चौदा एप्रिलला विहारासमोर जसे ते उभे राहत तसेच ते ताठ उभे राहिले.

“मंडळी,” ते कोतवालाच्या आवाजात म्हणाले, “खिडकीत बसलेल्या ह्या बाई माझी थोरली बहीण. मी आजवर लय येळा सांगितलं की आमच्या घरातून शाळंत पहिला मी गेलो. ते खोटं हाय. पहिली ही गेली. हिनं गुरं राखली म्हनून मी शिकलो, अन् आज हिच्या नावावर माझी नात जनावरांची डॉक्टर व्हायलीय. ऐकून ठिवा.”

गाडीत मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी सुरू केली. ती पुढे सरकत चालकापर्यंत आली. सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“बस की आता, आश्रू. लोकांची गाडी अडवू नको.”

“मामा, सोडू का?” वाहकाने विचारले.

दत्तरावांनी मान डोलावली. दुहेरी घंटी झाली. गाडी हलली, तेव्हा आश्रुबांनी काठी उचलली आणि मुन्शी मास्तरांच्या थाटात, संपूर्ण थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात हजेरी घेतली.

“सरजा बिन्ते लिंबाजी!”

खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि गाडीच्या घरघराटावर मात करणारा, व्हरांड्यातल्या पायरीवरचा तो आवाज पेडगावच्या रस्त्याने दूरपर्यंत ऐकू येत राहिला.

“हाजिर जनाब!”

वाचकहो, हे प्रकरण येथे पूर्ण होते. मी स्वतः सातवीपर्यंतच शिकलेला मनुष्य असून माझ्या लेखनात जे उणे असेल ते माझे समजावे आणि जे चांगले वाटेल ते त्या दोघा बहीणभावांचे समजावे. आपण आपला मोलाचा वेळ देऊन एवढी पाने वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो. आपल्या घरच्या वंशावळीत एखादी लेक राहून गेली असेल तर तिचे नाव आजच लिहावे, एवढी विनंती.

आपला नम्र,
बन्सीधर मारोती खंदारे
मु. पो. पालम, जि. परभणी